बाई गेल्या, गुरुजी कामगिरीवर, आता शाळेचं काय?

या वेळचं पत्र थोडक्यात देतेय, गाव-तालुका काढून टाकलाय आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत.

पत्र लिहिणाऱ्या ताई कोकणातल्या एका वाडीत राहतात. नवरा मुंबईला नोकरीला, घरी सासू-सासरे. मुलगी वाडीतल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला, धाकटा मुलगा पुढच्या जूनमध्ये पहिलीला जाईल. शाळा पहिली ते चौथी, दोन शिक्षकी, जूनमध्ये पट (मुलांची संख्या) २६ होता. जूनअखेर बाईंची आंतरजिल्हा बदली झाली आणि दोन दिवसांत त्या कार्यमुक्त होऊन गेल्या, मुलांना नीट भेटता पण आलं नाही. ऑगस्टपासून उरलेल्या गुरुजींना आठवड्यातले तीन दिवस पलीकडच्या वाडीच्या शाळेत कामगिरीवर (तात्पुरतं शिकवायला) जावं लागतं, कारण तिथे एकही शिक्षक उरलेला नाही. त्या तीन दिवसांत केंद्रातून (आसपासच्या शाळांच्या गटातून) कोणीतरी येतं, दर वेळी वेगळं, आणि कधी कोणीच येत नाही, मग खिचडी शिजवणाऱ्या मावशी पोरं सांभाळतात. तीन घरांनी मुलं काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली, व्हॅन लावली. शाळा बंद होणार अशी बोलवा आहे. वाडीतले काहीजण म्हणतात टाळं ठोकू. नवरा रोज फोनवर म्हणतो दाखला काढ. सासरे म्हणतात आम्ही पण ह्याच शाळेत शिकलो, काही होत नाही. आणि ताईंच्या मनात वेगळंच खुपतंय, जूनच्या पालक सभेत त्या सगळ्यांसमोर बाईंना म्हणाल्या होत्या की तुम्ही वर्गात सारख्या मोबाईलवर असता, आणि पंधरा दिवसांत बाई गेल्या. त्या विचारतात, "माझ्यामुळे गेल्या का? आणि आता मुलीला ठेवू की काढू?"

ताई,

आधी ते मनातलं काढून टाका. बाई तुमच्यामुळे गेलेल्या नाहीत. आंतरजिल्हा बदली पंधरा दिवसांत कोणाच्या बोलण्यावरून होत नसते. त्याचा अर्ज पोर्टलवर असतो, त्यात सेवाज्येष्ठता बघतात, आजारपण, पती-पत्नी एकत्रीकरण असे संवर्ग असतात, ज्या जिल्ह्यात जायचं तिथे जागा रिकामी असावी लागते, आणि ह्या सगळ्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबलेले असतात. कोकणात लागलेले कितीतरी गुरुजी-बाई घाटावरचे, मराठवाड्यातले, खानदेशातले. म्हातारे आईवडील तिकडे, नवरा तिकडे नोकरीला, आणि ही इकडे चार महिने पावसात भाड्याच्या खोलीत लहान पोर घेऊन. सभेत तुम्ही बोलायच्या कितीतरी आधी त्यांनी फॉर्म भरलेला असणार, आणि दोन दिवसांत गेल्या त्याचं कारण कार्यमुक्तीचा आदेश आल्यावर तिकडे लगेच रुजू व्हावं लागतं, थांबलं तर आदेश फिरेल ही धास्ती वेगळीच. तक्रारीवरून होते ती बदली वेगळी, तिला चौकशी लागते, कागद फिरतात, आणि ती जिल्ह्याच्या आतल्या आत होते.

मोबाईलचं म्हणाल तर तुमचं म्हणणं चूक नव्हतं. समोर मूल बसलेलं असताना हातात मोबाईल नको, हे कुठल्याही आईला वाटणारच. फक्त एक माहीत असू दे की शिक्षकांच्या ग्रुपवर दिवसभर "आजच्या आज लिंक भरा" असे मेसेज येत असतात, पोषण आहाराची रोजची नोंद, युडायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीची) माहिती, हा फोटो, तो अहवाल, वरून बीएलओचं (मतदार यादीचं) काम. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, शेवटची काही वर्षं तर माझाही निम्मा परिपाठ ह्या लिंकांनी खाल्ला. तेव्हा तुमच्या बाई मोबाईलवर नक्की काय करत होत्या ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. बाईंचा नंबर असेल ना, मुलीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा एकदा, "बाई मी दुसरीचं पुस्तक वाचते" एवढंच. नीट निरोप न घेता आल्याचं तुमच्या मुलीला जेवढं लागलंय तेवढंच बाईंनाही लागलं असणार.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुमच्या पत्रात, नवऱ्याच्या बोलण्यात आणि वाडीच्या बोलण्यात एक गोष्ट सगळ्यांनी धरूनच चालवलीये, की शाळा वाईट झाली म्हणून शिक्षक गेले. तसं नाहीये. शिक्षक गेले ते त्यांच्या नोकरीच्या नियमांनी गेले, आणि शाळेचं वाईट व्हायला लागलं ते मागे जागा रिकामी राहिली म्हणून. "बाई का गेल्या" ह्या प्रश्नाभोवती वाडी दोन महिने फिरतेय आणि त्याचं उत्तर मिळूनही तुमच्या हातात काही येणार नाही. विचारायचं आहे ते हे, की मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामं पद कोण भरणार, आणि तोपर्यंत मुलांसमोर रोज उभं कोण राहणार. ह्या प्रश्नांची उत्तरं द्यायला माणसं बांधील आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यात २०२३ साली हे फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं, आंतरजिल्हा बदलीने शेकडो शिक्षक एकदम सोडले गेले आणि कित्येक शाळा शून्यशिक्षकी झाल्या, बोंबाबोंब झाली, मग त्या जुलैमध्ये सरकारने निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार मानधनावर तात्पुरतं घ्यायचा निर्णय काढला. म्हणजे जागा रिकामी झाल्यावर काहीच करता येत नाही असं नाही. पण ते आपोआप होत नाही, ज्या शाळेतून कागद गेला आणि मागे कोणी लागलं तिथे ते आधी होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. यंदा तुमच्या जिल्ह्यात निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक द्यायची काय सोय आहे ते गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात थेट विचारा, दर वर्षी ते बदलतं.

शाळा बंद होणार ही बोलवा. ह्यात भीती पूर्ण खोटी नाही म्हणून मी "काळजी करू नका" असं म्हणणार नाही. २०१७ च्या शेवटी राज्याने दहाच्या आत पट असलेल्या १३०० च्या वर शाळा बंद करायला काढल्या होत्या, २०२३ मध्ये वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या अशी कल्पना निघाली, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली, तेव्हा अशा वीसच्या आतल्या शाळा राज्यात १४ हजारांच्या वर असल्याचं सांगितलं जात होतं. तेव्हा वीस हा आकडा लक्षात ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत, पण १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या) शासन निर्णयानंतर वीसपर्यंत पट असलेल्या शाळेला दुसऱ्या नियमित शिक्षकाची खात्री राहिली नाही. शिक्षक संघटनांचा त्याला विरोध आहे आणि माझ्या मते तो रास्त आहे, चार वर्ग आणि एक माणूस ह्याला शाळा म्हणायचं तरी कसं. पण आज तरी हिशोब असा चालतो.

आणि हा हिशोब होतो ३० सप्टेंबरच्या पटावर. त्यातही नुसत्या हजेरीवरची नावं धरत नाहीत, ज्या मुलाचं आधार ऑनलाईन जुळलं तेच मूल मोजलं जातं. हे वाडीत बहुतेकांना माहीत नसतं. २६ पैकी तीन गेली, राहिली २३. त्यात समजा चार मुलांची आधार जुळत नाहीत, कारण आधारवर नाव "आराध्या" आणि शाळेत "आराद्या", किंवा जन्मतारीख वेगळी, किंवा मूल मुंबईत जन्मलं आणि आधार काढलंच नाही, तर कागदावर तुमची शाळा १९ ची. मुलं वर्गात बसलेली दिसतायत आणि शिक्षकाची जागा गेली. तेव्हा ह्याच आठवड्यात गुरुजींना विचारा की कुठल्या मुलांची आधार अडलीयेत, त्या घरी जा, आणि त्या पालकांना घेऊन तालुक्याच्या आधार सेंटरला एक फेरी मारा. भातातली कामं आहेत, पाऊस आहे, सगळं मान्य, तरी मारा. टाळं ठोकून जे होणार नाही ते ह्या फेरीने होण्याची शक्यता जास्त आहे.

ह्यावरून आणखी एक दिसतं ते जरा कडू आहे. शिक्षक नाही म्हणून लोक मुलं काढतात, मुलं गेली म्हणून पट उतरतो, पट उतरला म्हणून पद जातं, आणि मग लोक म्हणतात बघा आम्ही म्हटलं नव्हतं. ज्या तीन घरांनी मुलं नेली त्यांना दोष देत नाही हं मी. पण उरलेल्या घरांनी नुसत्या बोलवेवर पुढच्या पंधरा दिवसांत दाखले काढले तर ती बोलवा तेच खरी करतील.

म्हणून शाळा वाचवायची जबाबदारी तुमच्या दुसरीतल्या पोरीच्या खांद्यावर आहे का? नाही. हे स्वच्छ सांगते, कारण सभेत कोणीतरी तुम्हाला "गावाची शाळा टिकली पाहिजे" असं म्हणून गप्प करणार आहे, बहुधा ज्याची स्वतःची नातवंडं ठाण्याला शिकतायत असा कोणीतरी. मुलीचं शिक्षण आधी. गुरुजी पट जाईल म्हणून दाखला द्यायला टाळाटाळ करत असतील तर कायद्याने ते करता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तुम्ही अडकलेल्या नाही आहात. हे एकदा मनाशी पक्कं झालं की माणूस घाबरून निर्णय घेत नाही.

मग इंग्रजी शाळेचं बघू. तुमच्या मिस्टरांचा राग मला समजतो. लांब बसून रोज ऐकायचं की आज पण शिक्षक आला नाही, हाताने काही करता येत नाही, मग माणूस जे एक करता येतं ते सुचवतो, दाखला काढ. पण त्यांना एक विचारा, त्या इंग्रजी शाळेत शिक्षक टिकतात हे कशावरून? तालुक्याच्या छोट्या इंग्रजी शाळांत बाया वर्षाच्या मध्येच सोडतात, पगार इतका कमी असतो की लग्न ठरलं, बाळंतपण आलं किंवा जिल्हा परिषदेची भरती निघाली की त्या जाणारच, फक्त तिथे ते वाडीच्या पारावर चर्चेला येत नाही, डायरीत नवीन मिसचं नाव येतं आणि विषय संपतो. प्रवेश घ्यायच्या आधी ऑफिसात बसून चार गोष्टी विचारा. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या मिस इथे किती वर्षं आहेत, डीएड-बीएड कोणाचं झालंय, शाळेला मान्यता कुठल्या वर्गापर्यंत आहे, युडायस नंबर काय (तो ११ आकडी असतो, आणि अनधिकृत शाळांच्या याद्या शिक्षण विभाग दर वर्षी काढतो त्या बघून घ्या). आणि ऑफिसपेक्षा खरं उत्तर त्या तीन घरांकडून मिळेल. त्यांना मुद्दाम भेटा, गेलात म्हणून टोमणा नको, नुसतं विचारा पोरं काय म्हणतायत, व्हॅन किती वाजता घेते, परत किती वाजता सोडते, अभ्यास कोण घेतं घरी.

हे शेवटचं तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं. मुलगी आत्ता कुठे मराठी वाचायला लागलीये. दुसरीच्या मध्यावर माध्यम बदललं तर ती जे येतंय ते सोडून जे येत नाही त्यात बसणार, आणि घरात तिचा इंग्रजीतला होमवर्क घ्यायला तुम्ही एकट्या. तुम्हाला जमणार असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर शिकवणी लागेल, व्हॅन अधिक फी अधिक शिकवणी, महिन्याचा आकडा कागदावर मांडून मिस्टरांना पाठवा, रागाने नको, नुसता मांडा. पुढच्या वर्षी धाकटा पण येणारे तेव्हा तो आकडा दुप्पट होतो. धाकट्यासाठी खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांच्या आरटीई (शिक्षण हक्क) प्रवेशाचा विचार करता येईल, तो प्रवेशाच्या पहिल्या वर्गालाच असतो म्हणून मुलीला उपयोग नाही, आणि त्यात शाळेपासूनचं अंतर बघतात त्यामुळे वाडीतून लागेलच असं नाही, पण अर्ज शाळा सुरू व्हायच्या कितीतरी आधी भरायचे असतात तेव्हा डिसेंबरपासून डोळे उघडे ठेवा.

आणि तिसरी वाट पत्रात कुठे दिसलीच नाही. जवळची केंद्रशाळा किंवा मोठ्या गावातली जिल्हा परिषदेचीच शाळा, जिथे चारपाच शिक्षक आहेत. एक बदली झाली तर तिथे वर्ग उघडा पडत नाही, माध्यम तेच, पुस्तकं तीच, फी नाही. एसटीची वेळ जुळते का, दोनतीन घरं मिळून रिक्षा होते का ते बघा. वाडीतल्या माणसांना एकतर आपली शाळा नाहीतर इंग्रजी एवढंच सुचतं, मधलं कोणी बघतच नाही.

टाळं ठोकायचं म्हणाल तर मी त्याच्या बाजूची नाही, आणि भित्री आहे म्हणून नाही. टाळं ठोकलं की काय होतं सांगते. पेपरात फोटो येतो, दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी येतात, आश्वासन मिळतं, आणि आठवड्यात एक शिक्षक हजर होतो. तो आला कुठून? शेजारच्या वाडीतून उचलून. कामगिरी म्हणजे हेच, आहेत तेवढेच शिक्षक इकडून तिकडे. तुमचा आवाज मोठा झाला म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी वाडीतली आई उद्या मला पत्र लिहिणार. तुमचे गुरुजी तीन दिवस ज्या शाळेत जातात तिथल्या पालकांशी बोललात का कधी? त्यांच्याकडे तर एकही नाही. तुम्ही त्यांच्यावर चिडलेल्या आहात हे पत्रात दिसतं, "आमचे गुरुजी त्यांना का" असं लिहिलंय तुम्ही. त्यांना सोबत घ्या. दोन्ही शाळांच्या, जमलं तर सगळ्या केंद्राच्या व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष एकाच दिवशी पंचायत समितीत जाऊन बसले तर साहेबांना इकडचं तिकडे करून चालत नाही, वर जिल्ह्याला कळवावंच लागतं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका असायला लागतात, अध्यक्ष पालकच असतो. तुमच्या वाडीची समिती कागदावर असणारच. बहुतेक ठिकाणी गुरुजी प्रोसिडिंग लिहितात आणि घरोघर फिरून सह्या घेतात, तसंच तुमच्याकडे असेल तर आता ते थांबवा आणि खरी सभा लावा. ठराव साधा लिहा, रडगाणं नको. मी असा लिहिला असता: शाळेत मंजूर पदे २, कार्यरत १, कार्यरत शिक्षक अमुक तारखेपासून आठवड्यातून ३ दिवस अन्य शाळेत कामगिरीवर, अमुक तारीख ते अमुक तारीख या काळात शाळेत एकही शिक्षक हजर नव्हता असे दिवस इतके, तरी रिक्त पदी नियमित शिक्षक द्यावा आणि तो मिळेपर्यंत कामगिरीवर एकच शिक्षक सलग द्यावा. शेवटचं वाक्य विसरू नका. रोज नवीन माणूस आला की तो हजेरी घेतो, कालचं काय झालं विचारतो, फळ्यावर पाढे लिहून देतो आणि दिवस ढकलतो. एकच माणूस दोन महिने आला तर तो शिकवायला लागतो. साहेबांकडे नियमित शिक्षक नसेल, पण "एकच माणूस सलग" एवढं करणं त्यांच्या हातात असतं, आणि ते कोणी मागतच नाही म्हणून होत नाही.

ते रिकामे दिवस मोजायचे कसे? स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. रोज मुलगी आली की विचारायचं आज कोण होतं, आणि त्या चौकटीत लिहायचं, गुरुजी, दुसरे सर, कोणी नाही. महिन्याचं पान फोटो काढून ठरावाला जोडा. "नेहमीच कोणी नसतं" असं तोंडी म्हटलं की ऑफिसात म्हणतात वाढवून सांगताय, तारखा दिल्या की तसं म्हणता येत नाही.

अर्जाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक शिक्षणाधिकारी प्राथमिकना, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीतून हलायचं नाही. केंद्रप्रमुखांना आधी सांगा, त्यांना वगळून वर गेलात की ते उगाच दुखावतात आणि रोजचं काम त्यांच्याशीच आहे. महिनाभर काही झालं नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार करता येते, त्यावर तीन महिन्यांत सुनावणी घेऊन निर्णय द्यायचा असतो, तिथेही नाही झालं तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. त्याच कायद्यात कलम २६ आहे, शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नयेत असं, दोनातलं एक रिकामं म्हणजे किती टक्के ते तुम्हीच बघा. माहिती अधिकारात विचारायचं तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, प्रश्न एवढाच की तालुक्यात पहिली ते चौथीची मंजूर, कार्यरत आणि रिक्त पदं शाळावार द्या.

ज्या दिवशी कोणीच येत नाही त्या दिवसाबद्दल मात्र अर्ज-बिर्ज नाही. तेवीस लहान पोरं, शाळेमागे व्हाळ वाहतोय, पावसाळ्यात जनावरं निघतात, आणि मावशी एका हाताने खिचडी ढवळतायत. मावशींची ती जबाबदारी नाही आणि काही झालं तर अडकणार त्याच. साडेदहा-अकरापर्यंत शिक्षक नाही आला तर समितीच्या एका माणसाने केंद्रप्रमुखांना फोन करायचा आणि मग लेखी मेसेज टाकायचा, आज तारीख अमुक, मुलं शाळेत आहेत, शिक्षक नाहीत. कोणाची पाळी कधी ते ठरवून घ्या, सगळं तुमच्यावर येऊ देऊ नका.

वाडीत डीएड झालेली किंवा निदान बारावी झालेली, घरी असलेली एखादी सून-मुलगी असेल तर मुंबई मंडळाकडून (वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाकडून) थोडं मानधन उभं करून तिला काही महिने मदतीला घेता येतं, खूप वाड्यांनी केलंय. ठरावात "नियमित शिक्षक मिळेपर्यंत तात्पुरती, गुरुजींच्या मदतीला" असं स्पष्ट घाला. नाहीतर ऑफिस म्हणणार तुमची सोय झालीये की, आणि पद तसंच राहणार.

गणपती आलेत तोंडावर. बाकी वर्षभर पालक सभेला बायका आणि म्हातारे असतात, गणपतीत सगळे बाप घरी असतात, मंडळाचे अध्यक्ष पण. सुट्टी लागायच्या आधी समितीची रीतसर सभा घेऊन ठराव करून टाका, आणि गणपतीत एका संध्याकाळी आरतीच्या आधी सगळ्यांना देवळात बसवा आणि तो ठराव, कालनिर्णयचं पान आणि आधारची यादी समोर ठेवा. तुमचे मिस्टर जे फोनवर बोलतात ते तिथे बोलतील, बोलू दे, मग त्यांनाच गणपतीनंतर एक दिवस जास्त रजा काढून पंचायत समितीत यायला सांगा. चाकरमान्याचा राग कामाला लावायची वर्षातली ही एकच वेळ असते.

आता ठेवू की काढू. माझं मत विचाराल तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा, पण डोळे झाकून नाही. आज रात्री मुलीला पहिलीच्या बालभारतीतला न पाठ झालेला एखादा उतारा द्या आणि वाचायला सांगा, कुठे अडखळते ते गपचूप बघा, टोकू नका. जोडाक्षरांचे पाच शब्द सांगून लिहून घ्या. बावन्नातून सत्तावीस करायला द्या, हातच्याची वजाबाकी. वहीला तारीख घाला. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचून घ्या, तुम्हाला वेळ नसेल त्या दिवशी सासऱ्यांसमोर बसवा, त्यांनी त्याच शाळेत शिकून जे वाचायला येतंय त्याचा नातीला उपयोग होऊ दे. पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, पण सात वर्षांच्या मुलीला मोबाईल देऊन "त्यावर शीक" करू नका, ते होत नाही. दिवाळीत हीच परीक्षा परत घ्या. पुढे गेली असेल आणि शाळेत एक तरी माणूस रोज यायला लागला असेल तर वर्ष काढा. आहे तिथेच असेल, किंवा कालनिर्णयवर "कोणी नाही" वाढतच चाललं असेल, तर दिवाळीनंतर केंद्रशाळेत घाला, आणि सासऱ्यांना वही दाखवून सांगा. इंग्रजीचा निर्णय काहीही झालं तरी जूनमध्ये, मध्येच नको. आणि पोरं एकटी राहतायत ते ह्या महिन्यात थांबलं नाही तर दिवाळीचीही वाट बघू नका.

मुलीला काय सांगायचं ते तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. ती रोज विचारते बाई कधी येणार, आणि तुम्ही म्हणता येतील हं. तसं म्हणू नका. बाई त्यांच्या घरी गेल्या, त्यांच्या आईबाबांजवळ, आता तिकडच्या मुलांना शिकवतात, असं सरळ सांगा. एवढ्या मुलांना ते कळतं. घरात मोठी माणसं शाळेबद्दल जे बोलतात ते पण तिला कळतं, तेव्हा "ह्या शाळेत काही राहिलं नाही" हे वाक्य तिच्यासमोर नको, तिला उद्या सकाळी दप्तर घेऊन तिथेच जायचंय.

बऱ्याच जणांची अशीच पत्रं आलीत, काही खाजगी शाळांबद्दल पण आहेत. त्यांचे नियम वेगळे असतील, पण दिवसांची नोंद ठेवणं, "का गेल्या" ऐवजी "कोण आणि कधीपासून" विचारणं, आणि मुलाची वही तारखेने तपासणं हे तिथेही तसंच करता येईल. फी भरलेली असते तिथे तर संस्थाचालकांना लेखी विचारायला अजिबात लाजू नका.

आणि ताई, आधारची फेरी ह्याच आठवड्यात मारा. गणपतीच्या सुट्टीत शाळा बंद असणार आणि तीस तारीख थांबणार नाही.